घरातल्या सर्वांसाठी वारसाभेट : हरवळे, नार्वे आणि दिवाडी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील माणसाला जुन्या वास्तूंचे फारसे अप्रूप नसते. लेणी, देवळे, तळी यांच्या शेजारून त्याची रोजची ये-जा असते. घरी पाहुणे आले की मात्र तो त्यांना गाडीत घालून जुने गोवे दाखवायला नेतो. १९८६ साली युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झालेल्या तिथल्या चर्चवास्तू पाहण्यासारख्या आहेतच, त्याविषयी दुमत नाही. परंतु आमच्या वाचनालयाच्या बालविभागात येणाऱ्या मुलांशी बोलताना असे लक्षात आले, की हरवळ्याचा धबधबा सर्वांनी पाहिला होता आणि त्याच्या अलीकडची लेणी जवळजवळ कोणीच आत शिरून पाहिली नव्हती. कदंब म्हणजे काय, या प्रश्नाला तर एकमुखाने उत्तर आले : बस. गोव्याच्या परिवहन महामंडळाला ज्या राजघराण्याचे नाव दिले आहे, त्याचे कुलदैवत सप्तकोटेश्वर आपल्याच तालुक्यात नार्वे येथे आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

यातूनच वाचनालयाच्या समितीने कुटुंबांसाठी वारसाभेटीचा कार्यक्रम करायचे ठरवले. शाळेच्या सहली होत असतातच. त्यांत मुले रांगेने उतरतात, शिक्षक घसा फोडून माहिती सांगतात, फोटो निघतो आणि बस पुढच्या ठिकाणाकडे निघते. आम्हाला आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले एकाच वेळी एकाच जागी हवी होती, आणि तिथे प्रत्येकाला करण्यासारखे काहीतरी हवे होते. हे ठरवणे सोपे होते. त्यापुढचे प्रत्येक पाऊल मात्र आधी कल्पना केली होती त्याहून वेगळे निघाले.

जागेची निवड हा पहिला प्रश्न. तांबडी सुर्ला येथील महादेवाच्या देवळाचे नाव अर्थातच प्रथम आले, कारण कदंबकालीन देवळांपैकी इतके शाबूत राहिलेले दुसरे देऊळ गोव्यात दाखवणे कठीण. रेइश मागूशचा किल्ला जीर्णोद्धारानंतर २०१२ पासून लोकांसाठी खुला आहे आणि तिथे सोयीही चांगल्या आहेत. कुशावती नदीकाठच्या उसगाळीमळच्या जांभ्यावरील प्राचीन कोरीव चित्रांचाही आग्रह झाला. मुलांना तिथली वर्तुळाकार चक्रव्यूहाची आकृती आणि जनावरांची चित्रे नक्कीच आवडली असती. परंतु सत्तरीच्या घरातील माणसांना घेऊन एवढा प्रवास करायचा, तर निम्मा दिवस गाडीतच जाणार. शिवाय तयार सोयी असलेल्या ठिकाणी लोक स्वतःहून जाऊ शकतात. त्यासाठी वाचनालयाने खटाटोप करण्याचे कारण नव्हते. म्हणून घराजवळच्या जागा निवडल्या आणि कार्यक्रम दोन रविवारांत विभागला : पहिला हरवळ्याच्या लेण्यांचा, दुसरा नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा आणि तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटाचा.

परवानगीचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण अशा कार्यक्रमाची इच्छा असणारे बहुतेक लोक इथेच थबकतात. जुनी वास्तू दिसली म्हणजे ती 'सरकारची' असे आपण म्हणतो, पण कोणत्या सरकारची हे आधी पाहावे लागते. हरवळ्याची लेणी केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. नार्व्याचे देऊळ राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जतन केलेले आहे, आणि त्याचबरोबर ते नित्यपूजेचे देवस्थान आहे. त्यामुळे तिथे खात्याइतकाच देवस्थान समितीचा आणि पुजाऱ्यांचा शब्द महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय संरक्षणाखालील स्मारकांना लागू असलेल्या १९५९ च्या नियमांनुसार स्मारकाच्या आवारात सभा, मेळावे, समारंभ परवानगीवाचून घेता येत नाहीत. रूढ धार्मिक प्रथेनुसार होणारे कार्यक्रम तेवढे त्यातून वगळलेले आहेत. त्यामुळे हरवळ्याला महाशिवरात्रीला रुद्रेश्वराच्या देवळात लोटणारी गर्दी ही एक गोष्ट, आणि वाचनालयाने कागद-पेन्सिली घेऊन जमवलेली माणसे ही अगदी निराळी गोष्ट, हे समितीतल्या काही जणांना पटवून द्यावे लागले. "देवळामेरेन वतात तेन्ना कोण विचारता?" (देवळापर्यंत जातात तेव्हा कोण विचारतो?) असा सवाल एका ज्येष्ठ सभासदांनी केला होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

अर्ज कसा लिहावा यावर बराच खल झाला. आमच्या पहिल्या मसुद्यात वारशाचे महत्त्व, भावी पिढी, संस्कार असे पुष्कळ होते. तो बाजूला ठेवून अर्जाच्या आरंभीच आम्ही काय करणार नाही हे लिहिले : मंडप नाही, व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, दिवा किंवा अगरबत्ती पेटवणे नाही, भिंतीला काही चिकटवणे नाही, दगडावर कागद ठेवून ठसे घेणे नाही, आवारात खाणे नाही. त्यानंतर माणसे किती, वेळ कोणती, गट किती आणि जबाबदार व्यक्ती कोण, हे एका पानात बसवले. यापुढे कोणी असा अर्ज करणार असेल, तर त्याने हाच क्रम ठेवावा असे मी सुचवीन. वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनातली शंका पहिल्या परिच्छेदातच संपते. कार्यक्रमात मंडप नाही हे कळल्यावर आमच्याच काही हितचिंतकांची मात्र निराशा झाली. प्रमुख पाहुणे कोठे बसणार, हा त्यांचा प्रश्न होता. एका प्रायोजकाने खर्च उचलण्याची तयारी दाखवून लेण्यांच्या कुंपणावर फलक लावण्याची अट घातली, तेव्हा त्याचे आभार मानून आम्ही वर्गणी काढली.

दिवस ठरवताना जागतिक वारसा दिनाचा, म्हणजे १८ एप्रिलचा विचार झाला, पण त्या दिवसांतला उकाडा वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना सोसण्यासारखा नसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे जांभ्यावर शेवाळ असते, पाय सटकतो. दिवाळी उरकलेली, तुळशीचे लग्न जवळ आलेले किंवा झालेले आणि हवा कोरडी, असा नोव्हेंबर त्यासाठी उत्तम. १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताहही असतो. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात नौका सोडण्याचा उत्सव असतो. सरकारने आणि संस्थांनी वारशाचे कार्यक्रम सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे घरातली सगळी माणसे मिळून एखाद्या जागी जमत आलेली आहेत, हे आम्ही विसरू नये म्हणून तो उत्सव डोळ्यांसमोर ठेवूनच तारखा आखल्या.

खरी मेहनत प्रश्नपत्रिकेवर झाली. प्रश्नपत्रिका म्हणतो, कारण सुरुवातीला ती तशीच होती. समितीतील इतिहासाच्या निवृत्त शिक्षकांनी लेण्यांचा काळ, राजवटी, शिलालेखाची भाषा असे प्रश्न काढले होते. त्यांची उत्तरे जागेवर पाहून देता येत नव्हती, ती आधी वाचून यावी लागत होती. म्हणजे कुटुंबातला जो वाचून येईल तो बोलणार आणि बाकीचे ऐकणार. बऱ्याच चर्चेनंतर एक साधा तक्ता तयार झाला. त्यात तीन रकाने होते : डोळ्यांना दिसते ते, लोक सांगतात ते, आणि अभ्यासक सांगतात ते. पहिला रकाना मुलांनी भरायचा, दुसरा घरातल्या मोठ्यांना आणि गावातल्या माणसांना विचारून, आणि तिसऱ्यासाठी स्वयंसेवक मदत करणार. पुढच्या सगळ्या कार्यक्रमाला या तक्त्याने जेवढा आधार दिला, तेवढा दुसऱ्या कशानेही दिला नाही.

हरवळ्याला सकाळी लवकर जमलो. लेण्यांच्या बाहेर, संरक्षित आवार सोडून, तालुक्यातल्या जांभ्याच्या एका चिरेखाणीवर काम करणाऱ्या गृहस्थांना बोलावले होते. त्यांनी खाणीतून नुकताच काढलेला एक चिरा आणि पडक्या घराचा कित्येक पावसाळे खाल्लेला एक चिरा असे दोन्ही आणले होते. मुलांच्या हातात खिळे दिले आणि दोन्हींवर ओरखडे काढायला सांगितले. ताज्या चिऱ्यावर खिळा सहज रुतत होता, जुन्यावर घसरत होता. जांभ्यातील लोहाची द्रव्ये हवा लागल्यावर घट्ट होत जातात, म्हणून जांभा कापताना मऊ असतो आणि उघडा राहिला की टणक होतो; हा दगड हातोडी-छिन्नीने आत आत पोखरत जाणे कारागिरांना का जमले असेल, याचा अंदाज मुलांना भाषणाविना आला. वडील मंडळी तोवर मोबाईलमध्ये होती. ओरखड्यांचा खेळ सुरू झाल्यावर त्यांचेही हात शिवशिवले. चिऱ्याच्या मापांवरून, पूर्वीच्या आणि आताच्या भावांवरून गप्पा रंगल्या, कारण चिऱ्याचे घर बांधले नाही किंवा दुरुस्त केले नाही असा माणूस आमच्याकडे शोधावा लागेल.

लेण्यांत गट आळीपाळीने सोडले. पाच दालनांची ही ओळ आहे, आत लिंगे आहेत, आणि त्यांपैकी एकावर ब्राह्मी वळणाची अक्षरे कोरलेली आहेत. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक ती साधारण सातव्या शतकातली मानतात. मोजमापासाठी पट्टी न देता दोरी दिली आणि हात-वितीने मोजायला सांगितले. प्रत्येक कुटुंबाचे माप वेगळे आले आणि त्यावरून वादही झाला. कोणाची वीत खरी, यावर एका नातीने आजोबांना हरवले. ब्राह्मी मुळाक्षरांचे तक्ते वाटले होते. बाहेर येऊन प्रत्येकाने आपले नाव त्या लिपीत लिहिले. तक्त्यावरची अक्षरे अशोककालीन आहेत आणि आतली त्यानंतर कित्येक शतकांनी कोरलेली, म्हणून दोन्हींची वळणे जुळत नाहीत, हे सांगितल्यावर मुले पुन्हा आत जाऊन पाहून आली. माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाई हीच होती; कोणी न सांगता माणसे दुसऱ्यांदा पाहायला गेली.

दुसऱ्या रकान्याची गंमत वेगळी. गावात या लेण्यांना पांडवांची लेणी म्हणतात. वनवासात पांडव इथे राहिले अशी समजूत आहे. एका आजींनी ती गोष्ट इतक्या तपशिलाने सांगितली, की शेजारच्या कुटुंबांतली मुलेही त्यांच्याभोवती येऊन बसली. एका तरुण स्वयंसेवकाला राहवले नाही आणि तो "आजी, तसा पुरावा नाही" असे म्हणू लागला. तक्ता इथे उपयोगी पडला. आजींची गोष्ट दुसऱ्या रकान्यात जशीच्या तशी लिहिली गेली, अक्षरांचा काळ तिसऱ्या रकान्यात गेला. लेणी मुळात बौद्ध असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे, हेही तिथेच आले. इतिहाससंशोधक फादर हेरास यांना १९३० च्या सुमारास बार्देशातील कोलवाळ येथे बुद्धमूर्ती सापडली होती आणि ती आज मुंबईच्या हेरास संस्थेत आहे, हे सांगितल्यावर बार्देशातून आलेल्या एका कुटुंबाने कान टवकारले. कोणाचेही म्हणणे खोडून न काढता सगळे एका कागदावर शेजारी शेजारी बसले. आजींनी तिसरा रकाना नातवाकडून वाचून घेतला आणि "जांव, बरयात तुमचेंय" (असू दे, लिहा तुमचेही) अशी उदार परवानगी दिली.

खाण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही : पाव, पातळ भाजी, कोकमाचे सरबत, सगळे आवाराबाहेर, आणि कचरा गोळा करून परत नेला. धबधबा शेवटी ठेवला होता. तो आधी दाखवला असता तर लेण्यांकडे कोणी फिरकले नसते.

नार्व्याचा रविवार निराळ्या प्रकारचा होता, कारण तिथे आपण देवाच्या घरी जातो. लेण्यांत मुलांना मोकळे सोडता आले, इथे पूजेच्या वेळा सांभाळाव्या लागल्या, गाभाऱ्यात छायाचित्रे नाहीत हे आधी बजावावे लागले, आणि अभिषेक चालू असताना सगळ्यांनी सभामंडपात शांत बसायचे असे ठरले. देऊळ म्हणजे प्रदर्शन नव्हे, ही पुजाऱ्यांची अपेक्षा अगदी रास्त होती. जीर्णोद्धार पूर्ण होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुले झाले असल्याने आधीचे रूप आठवणारे बरेच जण आमच्यात होते, आणि पहिल्या रकान्यात 'आधी कसे होते' अशी एक जास्तीची ओळ लोकांनी स्वतःहून वाढवली.

इथला मुख्य उपक्रम गणिताचा होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचे काम सुरू झाल्याचा शिलालेख देवळाच्या प्रवेशापाशी आहे, त्यात शके १५९० आणि कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी नोंद आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, एवढे सांगून मुलांना सोडून दिले. १६६८ हे उत्तर लगेच आले. मग आजोबांकडची पंचांगे निघाली आणि कार्तिक म्हणजे कोणता महिना, वद्य म्हणजे काय, यावर घराघरांत बोलणे सुरू झाले. १३ नोव्हेंबर १६६८ ही तारीख स्वयंसेवकांनी शेवटी सांगितली. आम्हीही नोव्हेंबरातच आलो होतो, त्यामुळे मुलांना ती तारीख फार लांबची वाटली नाही. कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटीशाच्या कृपेचा उल्लेख असे, म्हणून पुठ्ठ्याची नाणी कापून त्यांवर आपापल्या कुलदैवताचे नाव लिहिण्याचा खेळ ठेवला होता. लहान मुले त्यात गुंतली. मोठ्यांना मात्र आपल्या कुलदैवताचे मूळ स्थान कोठले, हे सांगताना फोन करून गावच्या काकांना विचारावे लागले, आणि त्यातून कितीतरी देवांच्या स्थलांतराच्या हकिकती बाहेर आल्या. गोमंतकातल्या हिंदू घरांत अशी एक हकिकत असतेच.

नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. चालत जाणाऱ्याला फेरीबोटीचे भाडे नसते, त्यामुळे खजिनदार खूष होते. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवर. ज्या नदीवरून देवाचे लिंग पलीकडे नेले गेले, तीच नदी आपण उलट दिशेने ओलांडतो आहोत, हे बोटीत सांगितल्यावर कठड्यापाशी एकच गर्दी झाली. पलीकडे दिवाडीतील काही ख्रिस्ती कुटुंबे आमच्यात सामील झाली. त्यांना आधीच बोलावले होते. कोटितीर्थाच्या तळ्याकाठी मंडळी बसली आणि कार्यक्रमातला सर्वांत अवघड भाग आला.

त्या जागेचा इतिहास मुलांसमोर, आणि दोन्ही धर्मांच्या कुटुंबांसमोर, कसा सांगायचा यावर समितीत आधी मतभेद होते. काहींना तो सौम्य करून सांगावासा वाटत होता, काहींना ठासून. अखेर तो तक्त्याप्रमाणेच सांगितला. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत सप्तकोटेश्वराचे दिवाडीवरचे देऊळ उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात, १५६० च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीने ते पाडले आणि भाविकांनी लिंग नदीपलीकडे नेऊन नार्व्याला स्थापले. विशेषणे एकही वापरायची नाहीत, वर्षे आणि राजवटींची नावे तेवढी द्यायची, असे वक्त्याला बजावले होते. एका मुलाने विचारलेच, "पण देऊळ पाडणारे कोण, या काकांचे लोक?" क्षणभर सगळेच गप्प झाले. ज्यांच्याकडे बोट होते ते दिवाडीचे वयस्क गृहस्थ हसले आणि म्हणाले, "आमचे पूर्वजही तेव्हा याच तळ्यावर आंघोळीला येत असतील रे बाबा, पाडायला दुसरे आले होते." मग त्यांनी बोंदेरांची हकिकत सांगितली : ऑगस्टमध्ये बेटावर होणारा झेंड्यांचा तो उत्सव, वाड्यांच्या हद्दींवरून होणारी भांडणे, आणि त्या भांडणांची आजची लुटुपुटीची नक्कल. मुलांना देवळाइतकीच ती गोष्टही आवडली. दुसऱ्या रकान्यात तिला जागा द्यायला हवी, असा आग्रह त्यांनीच धरला.

दिवाडीचा भाग नार्व्याच्या दिवसाला जोडणे वृद्धांना जड जाते, असे माझे मत झाले. ऊन चढल्यावर तळ्यापर्यंतचे चालणे अनेकांना त्रासदायक वाटले आणि दोन आजी नार्व्याच्या देवळातच थांबल्या. पुढच्या खेपेस दिवाडीला अख्खी एक सकाळ द्यावी आणि बेटावरच्या कुटुंबांनी यजमान व्हावे, अशी सूचना त्यांच्याकडूनच आली आहे.

कार्यक्रम झाल्यावर दोन्ही खात्यांना आणि देवस्थान समितीला आभाराच्या पत्राबरोबर उपस्थिती, निघालेला कचरा आणि आवार सोडतानाची छायाचित्रे पाठवली. भरलेले तक्ते वाचनालयात बांधून ठेवले आहेत. त्यांतला दुसरा रकाना तिसऱ्याहून कितीतरी लांब आहे. पुढील हंगामासाठी लामगावच्या लेण्यांचा आणि डिचोलीच्या नमाजगाहचा, म्हणजे नमाजाच्या जुन्या जागेचा, विचार चालू आहे. औरंगजेबाचा मुलगा अकबर याच्याशी नमाजगाहचा संबंध सांगितला जातो, त्यामुळे तिथे गावातल्या मुस्लिम कुटुंबांना सुरुवातीपासून आखणीतच घ्यावे, असे ठरले आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यातली 'काय करणार नाही' ही यादी या वेळी त्या जागेलगतच्या पाण्यामुळे आणखी दोन ओळींनी वाढली आहे.